मुखत्यारनाम्यांची सभा

पर्वतीवरील देवस्थानाच्या, म्हणजे पर्वती संस्थानच्या, कारभाराविषयी पुणेकरांच्या मनात साचलेल्या असंतोषातून 2 एप्रिल 1870 रोजी जी सार्वजनिक सभा जन्मास आली, तिचे मला सर्वांत विलक्षण वाटणारे अंग म्हणजे तिचे मुखत्यारनामे. किमान 50 असामींनी लेखी मुखत्यारी दिल्यावाचून कोणासही सभासद होता येऊ नये, असा नियम गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी घातला, आणि सुमारे 6000 लोकांची मुखत्यारी घेऊन 95 सभासद एकत्र आले. मताधिकार ही कल्पनाही जेथे रुळली नव्हती, तेथे कोर्टकचेरीतल्या एका साध्या दस्तऐवजाला लोकप्रतिनिधित्वाचे रूप देणारे हे वकील, ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारच्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न येण्यापूर्वीच दप्तरी लावून ठेवीत होते.

परंतु सरकारने ऐकलेच पाहिजे, असे सरकारला सांगणार कोण? ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत 1813, 1833 आणि 1853 साली सनद नवी करण्यापूर्वी पार्लमेंट तिच्या कारभाराची झडती घेई, आणि जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींच्या बाँबे असोसिएशनने 1852 मध्ये स्थापना होताच पार्लमेंटकडे अर्ज धाडला तो याच संधीवर नजर ठेवून. 1858 मध्ये राज्य राणीच्या नावे झाले, हिंदुस्थानचा मंत्री पार्लमेंटला जबाबदार ठरला, आणि वीस वर्षांच्या अंतराने होणारी ती झडती मात्र बंद पडली. माझ्या मते रयतेचे त्या वर्षातील हे मोठे नुकसान होय, कारण कलेक्टर, गव्हर्नर आणि मंत्री या तिघांनाही ठरल्या वेळी जाब विचारणारा कोणी उरला नाही. 1871 मध्ये हिंदुस्थानच्या जमाखर्चाच्या चौकशीसाठी पार्लमेंटने समिती नेमली आणि हेन्री फॉसेट यांच्यासारखा अंध पण जागरूक सभासद तीत खोदून प्रश्न विचारू लागला, तेव्हा पुण्याच्या सभेने आपली उपसमिती नेमून माहिती गोळा केली व तिचा अहवाल सिद्ध केला. पार्लमेंट विचारू लागताच मुखत्यारांच्या शब्दाला कसे वजन येते, याचा तो दाखला होता. पुढे 1875 च्या सुमारास खुद्द पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी घ्यावेत, असा हजारो सह्यांचा अर्जही सभेने केला. तो फळास आला नाही.

1896-97 च्या दुष्काळात, टिळकांच्या अनुयायांच्या हाती आलेल्या या सभेने गावोगाव माणसे पाठवून शेतसाऱ्याच्या सुटीविषयी रयतेला तिचे हक्क समजावले, आणि मार्च 1897 मध्ये मुंबई सरकारने एका ठरावाने तिला राज्यकारभाराच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्यास अनधिकारी ठरविले. मुखत्यारनामे होते तसेच राहिले. ज्याच्यापुढे ते ठेवायचे त्यानेच दार लावले, आणि ते का लावले हे विचारण्यास बांधलेली कोणतीही सभा वर नव्हती. पुढच्याच महिन्यात, त्याच संस्थेचे एकेकाळचे चिटणीस गोपाळ कृष्ण गोखले, आता टिळकपक्षापासून वेगळ्या झालेल्यांच्या डेक्कन सभेच्या वतीने, हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे लंडनला साक्ष देत होते. आणि साक्ष घेणाऱ्यांत दादाभाई नौरोजी बसले होते.