मीठ नाही, गवत

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून घरी गेलो की मी बाबांना गाडीत बसवतो आणि यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा रस्ता धरतो. ऑफिसातल्या मित्रांच्या डोक्यात विदर्भ म्हणजे सपाट आणि तापलेला. त्यांना दाखवायला मी व्हिडिओ काढत जातो: सोयाबीन निघालेली काळी रानं, फुटलेली कपाशी, आणि दिग्रसच्या पुढे सागाच्या उतारांवर कमरेएवढं गवत, पिकून तांबूस झालेलं. वारा आला की अख्खी टेकडी हलते.

"याच गवतासाठी आमचा आजा नाकेदाराच्या पाया पडे," बाबा म्हणाले.

मी मोबाइल खाली ठेवला.

इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं. त्यांचा डोळा इथल्या कापसावर होता. पुढे तो न्यायला मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची गाडी आली. दारव्ह्यावरून जाणारी ती शकुंतला. आता बघा, कापूस पिकवायला बैल लागतात, बैलाला चारा लागतो, चारा जंगलात, आणि जंगल सरकारनं राखीव केलेलं. विनापरवाना गवत कापलं तर गुन्हा. गुरं आत शिरली तर कोंडवाडा आणि दंड. आउटपुट पाहिजे आणि इनपुट बंद! आमच्या टीममध्ये असं डिझाइन पहिल्याच रिव्ह्यूत उडालं असतं.

एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. अकोल्याकडे खारपाणपट्टा आहे, म्हणून दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करता आलं. यवतमाळच्या डोंगरात ना समुद्र, ना तसं पाणी. मग कायदा मोडायचा कोणता?

वणीत जन्मलेले, यवतमाळला वकिली करणारे, टिळकांचे अनुयायी बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापलं. त्यांना अटक झाली. पण जंगल सत्याग्रह थांबला नाही, वऱ्हाडात इतर ठिकाणीही लोक विळे घेऊन जंगलात शिरले.

शाळेत आम्हाला दांडी होती. पुसद म्हणजे वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, दोन मुख्यमंत्री, एवढंच जीकेसाठी पाठ. मला मात्र ही निवड मिठाइतकीच अचूक वाटते. मिठावरचा कर भावात लपलेला असतो, गवताची बंदी रोज संध्याकाळी गोठ्यात हंबरते. पन्नाशीला टेकलेल्या वकिलानं गवताला हात घातला तेव्हा तो काय करतोय हे कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागलं नसेल.

पुसदच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. दोन वर्षांपूर्वी बाबांनी बैलजोडी विकली, आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो. गोठ्यात माझी जुनी सायकल आणि खताची रिकामी पोती आहेत. चहा होईपर्यंत बाबा रस्त्याकडेच्या उतारावर गेले, दोन्ही मुठींत मावेल एवढं गवत उपटलं, त्यातल्याच काडीनं पिळा देऊन पेंढी बांधली. बांधून झाल्यावर ती कुठे ठेवायची, म्हणून इकडेतिकडे बघत राहिले.

"बाबा, हे जंगल अजून राखीवच आहे," मी म्हणालो.

"फाड मग पावती," म्हणत त्यांनी डिकी उघडली आणि पेंढी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेशेजारी ठेवली.