सीईए : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक रक्तातील प्रथिन

१९६५ साल. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन शोधत होते, कर्करोगाच्या ऊतकात निरोगी ऊतकाहून वेगळे असे काही असते काय? त्यांनी मोठे आतडे निवडले, ते व्यवहारी कारणाने. शस्त्रक्रियेत काढलेल्या एकाच तुकड्यात गाठही मिळते आणि तिच्यापासून दूरची निरोगी भिंतही. तुलना एकाच माणसाच्या शरीरातली. सशांमध्ये तयार केलेल्या प्रतिपिंडांतून निरोगी ऊतकाशी जुळणारी काढून टाकल्यावर जी उरली, ती एक निराळे प्रथिन ओळखत होती. हेच प्रथिन गर्भाच्या आतड्यातही आढळले. म्हणून नाव पडले ‘कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन’, म्हणजेच सीईए.

१९६९ मध्ये ते रक्तात मोजता येऊ लागले. पहिल्या अहवालात या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात ते सापडले. आशा गगनाला भिडली.

ही मोजणी किरणोत्सारी आयोडीनच्या आधारे होत असे. आपल्याकडे कर्करोगोपचार आणि किरणोत्सारी वैद्यक परळमध्ये शेजारी वाढले : टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि पुढच्याच वर्षी तेथे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले.

आशा मात्र टिकली नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत, आतड्याच्या दाहातही सीईए वाढलेले दिसले. उलट, लहान गाठ असताना ते पुष्कळदा वाढतच नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने निर्वाळा दिला की, निरोगी माणसांत कर्करोग हुडकण्यासाठी ही तपासणी वापरू नये.

तरीही आरोग्यतपासणीच्या पॅकेजांत ती आजही असते. खरा धोका विनाकारण धास्तीचा नव्हे, खोट्या निश्चिंतीचा आहे : शौचावाटे रक्त जाते, मूळव्याधीचे औषध चालू आहे, आणि ‘सीईए नॉर्मल’ म्हणून कोलोनोस्कोपी टाळली जाते.

सीईएचे खरे काम शस्त्रक्रियेनंतरचे. गाठ निघाली की आकडा उतरतो. पुन्हा चढू लागला, तर रोग उलटल्याची शंका घ्यावी लागते. एका आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा, म्हणून दर ३ ते ६ महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत मोजणी करतात. शनिशिंगणापूरच्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पुणे-मुंबई गाठावी लागली, तरी पुढील रक्ततपासणी अहिल्यानगरला होऊ शकते. आकडा चढला, तर स्कॅनसाठी मोठा प्रवास.