दापोडीच्या बागेतला डॉक्टर

मुंबईहून येणारी गाडी खडकीला पोहोचण्यापूर्वी दापोडी स्टेशन लागते. दापोडी म्हटले की आपल्याला एस. टी.चा कारखाना आठवतो. पण १८२८ पासून १८६५ पर्यंत येथे सरकारी वनस्पतिबाग होती, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. पेशव्यांच्या कवायती फौजेचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा येथे बंगला होता. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो घेतला आणि भोवती बाग उभी राहिली. १८३८ साली या बागेवर जो माणूस नेमला गेला, तो होता फौजेच्या नोकरीतला डॉक्टर!

अलेक्झांडर गिब्सन १८०० साली स्कॉटलंडात जन्मला, एडिंबरोस वैद्यक शिकला आणि कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय नोकरीत शिरला. कंपनीचे डॉक्टर मूळचे फौजेसाठी. पण सरकार त्यांना मुलकी कामांसही लावी. झाडपाल्याची ओळख हा तेव्हा वैद्यकाच्याच अभ्यासाचा भाग होता. तेव्हा डॉक्टराने बाग सांभाळावी यात कोणाला नवल वाटत नसे.

गिब्सन मराठी, गुजराती, हिंदुस्थानी शिकला. दापोडीस येण्यापूर्वी दक्खन आणि खानदेशात देवी टोचण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या काळी लस बाटलीत भरून येत नसे. टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातलीच लस काढून दुसऱ्याला टोचायची. ही साखळी मध्येच तुटली की सारे मुसळ केरात! म्हणून या कामात गावोगाव हिंडणे आणि आईबापांची समजूत घालणे आलेच. हिंडणाऱ्याला माणसांबरोबर डोंगरही दिसतात.

बाग हाती आल्यावर त्याने तिला औषधांच्या कामाला जुंपले. जुन्नरजवळ हिवरे येथे दुसरी बाग केली. सोनामुखी, खुरासनी ओवा अशा वनस्पती लावून सरकारी दवाखान्यांसाठी औषधे तयार करवली. दापोडीच्या झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे त्याने काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपलेली आहेत. चित्रकार इथलाच, पोर्तुगीज वंशाचा. पण त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पण गिब्सनची खरी कामगिरी पुढेच आहे. मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते, वाढत्या शहराला सरपण हवे होते. कोकणातले डोंगर उघडे पडू लागले होते. झाडे गेली की झरे आटतात, माती वाहून खाड्या गाळाने भरतात, हे १८४० नंतरच्या दशकात गिब्सनने सरकारला लिहून कळवले. डॉक्टराने नाडी पाहावी तशी त्याने ओढ्यांची धार पाहिली. १८४७ साली सरकारने त्याला इलाख्याच्या जंगलांचा पहिला प्रमुख अधिकारी नेमले. १८६० पर्यंत त्याने ते काम केले. १८६१ साली डाल्झेल याच्यासह मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ निघाला. १८६७ साली तो वारला.

रोगाची परीक्षा बिनचूक होती. पण औषध कोणाच्या घशात उतरले? १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी सरकारचा जंगलावरचा ताबा घट्ट केला. गुरे चारणाऱ्याला, मोळी आणणारीला आपलेच रान परके झाले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्याच्या जाचाविषयी लिहिले. १९३० साली चिरनेरला जंगल सत्याग्रहात लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

या साऱ्याचा दोष एकट्या गिब्सनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. देवी टोचताना आईबापांची समजूत घालावी लागे, कारण त्यांनी पोर पुढे केल्याशिवाय काम होत नसे. जंगलाच्या बाबतीत मात्र सरकारला गावाचा होकार लागला नाही. हुकूम पुरेसा झाला. दापोडीची बाग गेली, तिच्या जागी पुढे १८७३ साली गणेशखिंडीत दुसरी झाली. पण रान वाचवायचे तर रानात राहणाऱ्याला विचारायचे की नाही, हा दापोडीच्या डॉक्टरामागे उरलेला प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे.