दोरीपासून पडद्यापर्यंत : घराच्या आराखड्याची कहाणी



घर बांधायचं म्हटलं की आपण आधी लाकूड, वीट, सिमेंट यांचा हिशेब करतो. आराखड्याचा विचार मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. पण घर जमिनीवर उभं राहण्याआधी ते कुणाच्या तरी डोक्यात उभं असतं. डोक्यातलं घर दुसऱ्याला दाखवायचं कसं, या अडचणीतून आराखड्याची विद्या जन्मली. आज ती संगणकाच्या पडद्यावर आली आहे. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातल्या मुलामुलींनी ती शिकावी का, आणि शिकायची तर सुरुवात कुठून करावी, हे तिचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येतं.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात घराचा आराखडा पूर्वी कागदावर नव्हता, जमिनीवर होता. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, मेढींचे खड्डे घ्यायचे. भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीचा लेप. माप सांगायचं ते खणात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. ‘दोन खणांचं घर’ एवढं म्हटलं की सुतार काय ते समजे. खण ठरला की तुळई, आढं, पाखं यांचा अंदाज त्याच्या हाताला आपोआप येई. म्हणजे घर मापात पाहण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. वारली घरात लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, तो तर पट्टीवाचून लिहिलेला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ती याच रेघेच्या बळावर. अर्थात चित्र वेगळं आणि मापाचा आराखडा वेगळा. पण रेघेवर हात बसलेला असला म्हणजे निम्मं काम झालं.

कागदावरचा आराखडा आला तो सरकारी कामांबरोबर. रस्ते, पूल, कचेऱ्या बांधायच्या तर एकाने आखलेलं दुसऱ्या गावच्या गवंड्याला तंतोतंत कळायला हवं. पुण्याला 1854 साली इंजिनियरिंगचे वर्ग निघाले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1896 साली ड्राफ्ट्समनचा, म्हणजे आराखडे काढणाऱ्यांचा, वर्ग सुरू झाला. त्याच रोपट्याचं पुढे वास्तुकलेचं महाविद्यालय झालं. प्रती काढायची युक्ती त्याआधीच सापडली होती. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने 1842 साली एक रसायन शोधलं. ते लावलेल्या कागदावर पारदर्शक कागदावरचा आराखडा ठेवून उन्हात धरला की रेघांखालची जागा पांढरी राही आणि बाकीचा कागद निळा होई. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द तिथला. 1950 साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि ड्राफ्ट्समनचं काम आयटीआयमध्ये शिकता येऊ लागलं. पण एक रेघ चुकली की पात्याने खरवडायची, आणि खोली बदलली की सारा कागद पुन्हा काढायचा, ही कटकट होतीच.

ती संपवली संगणकाने. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली तयार केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघ ओढावी आणि यंत्राने ती काटकोनात बसवून द्यावी, असा तो प्रकार. त्यानंतर बरीच वर्षं ही विद्या विमानं आणि मोटारी बनवणाऱ्या बड्या कारखान्यांपुरतीच राहिली. 1982 साली ‘ऑटोकॅड’ निघालं आणि ती टेबलावरच्या लहान संगणकात आली. आता तर ‘लिब्रेकॅड’ आणि ‘स्वीट होम थ्रीडी’ ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात.

नवख्याने मात्र आधी संगणकाला हात लावू नये. हातात टेप घ्यावी आणि स्वतःचं घर मोजावं. वहीत कच्चा आराखडा काढावा, उत्तर दिशा दाखवावी, मगच पडद्यासमोर बसावं. तिथे पहिली गोष्ट म्हणजे माप ठरवणं. सुतार फूट-इंचात बोलतो, कॅडचं काम बहुधा मिलिमीटरमध्ये चालतं. एक फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर, हे नीट ठरवलं नाही तर घराची एकतर आगपेटी होते, नाहीतर राजवाडा. दुसरी गोष्ट, पडद्यावर घर खऱ्या मापानेच काढायचं. ते शंभरपट लहान करायचं ते कागदावर छापताना.

आणि तिसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची. बाहेरून 20 फूट बाय 15 फूट घर धरा. म्हणजे 300 चौरस फूट. कूड तीन इंची असेल तर आत सुमारे 283 चौरस फूट जागा राहते. त्याच जागी नऊ इंची विटेची भिंत घातली की आत उरते जेमतेम 250. तेहेतीस चौरस फूट भिंतीने गिळले! एक खाट आणि धान्याची कणगी यांची ही जागा. बांधून झाल्यावर हे कळून काय उपयोग? आराखड्यावर ते आधी दिसतं, आणि तिथे दुरुस्तीला पैसा पडत नाही.

आज गावोगाव घरकुलं होताहेत. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, क्षेत्र ठरलेलं आहे. एवढ्या जागेत चूल कुठे, धूर कुठून जाणार, नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा कुठल्या भिंतीवर येणार, ओटा राहणार की जाणार, हे घरात राहणाऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पूर्वी घरधनी दोरीजवळ उभा असे आणि ‘इकडं एक हात सरकवा’ म्हणे. आराखडा कागदावर गेला तेव्हा तो वाचता न येणाऱ्या माणसाचा हा शब्द मागे पडला. तो परत मिळवायचा, तर आराखडा वाचता आणि काढता आला पाहिजे.

शिक्षकांना म्हणूनच एक सुचवावंसं वाटतं. भूमितीच्या तासाला मुलांना वर्गखोली मोजायला लावा, मग त्यांचं त्यांचं घर. शाळेत संगणक असेल तर उत्तम. नसेल तर चौकटीची वही आहेच, एक चौकट एक फूट धरायची. उतार कुठला, ओल कुठे धरते, हे संगणक आपण होऊन सांगणार नाही. ते आजोबांना विचारावं. त्यांचा खण आणि नातवाचा पडदा एकत्र आला, तर घर नवं असूनही आपलं वाटेल.