ज्ञान कोणत्या वयात द्यावे?



माझे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा या विषयावर मी विद्वत्तेचा अधिकार सांगत नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला हा इतिहास वाचायला लावला, म्हणून ती चूक आधी सांगतो.

मी ऊसतोड कामगारांत काम करतो. या धंद्यात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. साहजिकच गळीत हंगामापूर्वी कोवळ्या वयात लग्ने उरकली जातात. काही वर्षांपूर्वी एका टोळीतल्या सतरा वर्षांच्या विवाहितेने आमच्या कार्यकर्तीला विचारले, "ताई, एवढा हंगाम दिवस राहू नयेत असं काही औषध असतं का?" दोघी दवाखान्यात गेल्या. तेथे आधी वय विचारले, मग "पहिलं एक होऊ दे, पुढचं पुढं बघू" असे सांगून परत पाठविले. गोष्ट माझ्यापर्यंत आली तेव्हा मी म्हणालो, "हे ज्याच्या त्याच्या घरचे आहे, संघटनेने यात पडू नये." त्या मुलीला फडातच दिवस राहिले. सातव्या महिन्यापर्यंत ती डोक्यावर मोळ्या वाहत होती. मूल जगले नाही. ती वाचली, पण पुन्हा कधी तिने आम्हांला काही विचारले नाही.

हा प्रश्न संघटनेचा नव्हे, असे मी म्हणालो खरा. परंतु इतिहास मला खोटे पाडतो. १९३८ च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेला मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना पाठ असते. त्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याच पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रसार करावा आणि साधने लोकांना मिळवून द्यावीत, अशी त्यात मागणी होती. ज्या स्त्रीला मूल नको असेल तिला ते टाळता आले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. ठराव फेटाळला गेला. पण भाकरीचा लढा आणि बाईच्या शरीराचा प्रश्न एकाच आठवड्यात हाती घेण्याइतकी त्या पक्षाची दृष्टी मोठी होती.

या ठरावाच्या मागे रघुनाथ धोंडो कर्वे यांची तपश्चर्या होती. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी संततिनियमनाचा दवाखाना काढला, त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत तसे केंद्र उघडले. ते गणिताचे प्राध्यापक. या प्रचारापायी १९२५ साली त्यांची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचक त्यात लाजेकाजेमुळे कोणाला न विचारलेले प्रश्न विचारीत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. वाचकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे की नाही, हाच त्या खटल्याचा गाभा होता. आमच्या टोळीतल्या त्या मुलीचा खटलाही तोच होता, फक्त त्यात न्यायाधीश मी होतो.

विरोधकांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. गांधीजींसारख्या पुरुषाला कृत्रिम साधने अमान्य होती. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी संयमावरचा त्यांचा भर ढळला नाही. परिणामाची भीती गेली की नीतीही जाईल, ही शंका आजच्या आईबापांच्या मनातही असते. इंग्लंडात याच शंकेवरून दहा मुलांची आई असलेल्या व्हिक्टोरिया गिलिक न्यायालयात गेल्या. आईबापांच्या संमतीवाचून सोळा वर्षांखालील मुलीला डॉक्टरने गर्भनिरोधक देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की सल्ला समजण्याइतकी जाण त्या मुलीला असेल, तर डॉक्टर मदत करू शकतो. पाचांपैकी दोघांचे मत विरुद्ध पडले, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळावे.

आपल्याकडे मात्र गाडी निराळ्याच रुळावर गेली. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पण लक्ष होते लोकसंख्येच्या आकड्यावर. मुले झालेल्या जोडप्यांना शस्त्रक्रियेकडे नेणे, हा त्याचा मुख्य मार्ग ठरला. आणीबाणीत तर सक्ती आली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या विधानसभेने १९३८ साली माहिती देण्यास नकार दिला, तिच्या वारसाने अडतीस वर्षांनी शस्त्रक्रियेची सक्ती मान्य केली. बाईची इच्छा दोन्ही वेळा कोणी विचारली नाही.

आणि तरुणांचे काय? २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्रासह काही राज्यांनी मज्जाव केला. २०१४ पासून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. दरम्यान २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अठरा वर्षांखालील शरीरसंबंध गुन्हा ठरविला आणि त्याची खबर देणे बंधनकारक केले. हेतू मुलांच्या रक्षणाचा आहे, त्याला माझा विरोध नाही. पण नवऱ्याला तुरुंगात धाडतील या भीतीने सतरा वर्षांची विवाहिता दवाखान्याची पायरी चढत नाही, हेही मी पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, अशी मुभा दिली. हे ठीक झाले. पण ती मुभा गर्भ राहिल्यानंतरची आहे.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हे बालविवाह थांबलेच पाहिजेत. एक कोयता म्हणजे एक जोडी हा हिशेब मोडणे, हे आमच्या संघटनेचे काम आहे. परंतु तो मोडेपर्यंत जी मुलगी आज फडात उभी आहे, तिला काय सांगायचे?

आमच्या बैठकीत आता हंगामापूर्वी मजुरीच्या दराबरोबर हाही विषय निघतो. बायकांच्या बैठकीत कार्यकर्त्या बोलतात, पुरुषांच्या बैठकीत मी बोलतो. पहिल्या वर्षी माझी जीभ अडखळली आणि काही पोरे हसली. पण बैठक उठल्यावर त्यांतलाच एक जण मागे रेंगाळला आणि हळूच प्रश्न विचारून गेला. या वेळी मी त्याला उत्तर दिले.