प्रतिकृतीपासून यंत्रापर्यंत : दूरनियंत्रित बग्गीचा इतिहास

बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडा जोडलेली गाडी उभी राहते. या लेखातील बग्गी वेगळी आहे. ती हातभर लांबीची, विजेच्या मोटरवर चालणारी, रेडिओ लहरींनी नियंत्रित होणारी आणि खडबडीत मातीच्या मार्गावर शर्यत खेळणारी गाडी आहे. तिचे वजन सुमारे दीड किलो असते आणि खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची म्हणून ती ओळखली जाते. हे खेळणे आहे हे खरे. परंतु त्याच्या इतिहासात एक असा प्रश्न दडलेला आहे, की जो विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला पडायला हवा. एखादी वस्तू दहापट लहान केली, तर ती तशीच वागते का?

या प्रश्नाचे पहिले नीट उत्तर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले. सर्व लांब्या दहापट कमी केल्या तर पृष्ठफळ शंभरपट आणि घनफळ हजारपट कमी होते. सातशे किलोची गाडी हुबेहूब लहान केली तर ती सातशे ग्रॅमची होईल. पण गुरुत्वत्वरण मात्र बदलत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. दहा सेंटिमीटरवरून पडणारीला ०.१४ सेकंद. उंची दहापट कमी झाली, वेळ मात्र दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पटीने कमी झाला. जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की येथे जे प्रयोग केले, त्यांतही हेच वर्गमूळ सापडते.

म्हणून ताशी ४० किलोमीटर धावणारी छोटी बग्गी 'खऱ्या मापाने' ताशी ४०० किलोमीटर धावते, असे जे कौतुकाने सांगितले जाते ते फसवे आहे. उड्या आणि उसळ्या यांच्या दृष्टीने तिची तुलना ताशी सुमारे १२६ किलोमीटर वेगाच्या गाडीशी करायला हवी. आता दुसरी गोष्ट पाहा. माणसाचा प्रतिसादकाळ सुमारे ०.२ सेकंद असतो, आणि गाडी लहान झाली म्हणून तो कमी होत नाही. तेवढ्या वेळात ही बग्गी दोन मीटरहून अधिक पुढे जाते आणि दहा सेंटिमीटरवरून खाली पडणे तर संपूनही जाते. म्हणजे चालवणाऱ्याने सावरण्याआधी गाडीने स्वतःच सावरले पाहिजे. बग्गीच्या रचनेचा पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल.

दूरनियंत्रणाची सुरुवात मात्र जमिनीवर झाली नाही, पाण्यावर झाली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका हौदात छोटी बोट तरंगवली आणि तारेशिवाय ती चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला मिळालेल्या पेटंटमध्ये जलयानांबरोबर वाहनांचाही उल्लेख आहे. लहरी ओळखण्यासाठी त्या काळी 'कोहेरर' वापरीत. ही धातूच्या किसाने भरलेली नळी असे. लहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटून वीज वाहू देत. पण पुढची लहर ओळखायची तर नळी हलवून कण मोकळे करावे लागत. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली लोखंड आणि पारा यांचा जो कोहेरर जाहीर केला, त्याला अशा टिचकीची गरज नव्हती.

टेस्लाच्या बोटीला 'पुढची पायरी' एवढीच आज्ञा देता येई. हाताने कळ जेवढी वळवावी तेवढेच चाक वळावे, हे १९६० च्या दशकात हौशी लोकांच्या आवाक्यात आले. यासाठी प्रक्षेपक ठरावीक अंतराने स्पंद पाठवतो. स्पंद दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर चाक सरळ. एक किंवा दोन सहस्रांश सेकंदाचा असेल तर एका किंवा दुसऱ्या बाजूला पूर्ण वळलेले. गाडीतील 'सर्व्हो' नावाच्या छोट्या यंत्रात एक बदलता रोध असतो. आपला दांडा आत्ता कोठे आहे हे तो सांगतो, आणि आज्ञा व स्थिती यांतील फरक शून्य होईपर्यंत मोटर फिरत राहते. प्रतिभरण म्हणजे काय, हे मुलांना दाखवायला याहून स्वस्त साधन शोधूनही सापडणार नाही.

आता खऱ्या बग्गीकडे वळू. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स याने १९६४ साली फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग आणि फायबरग्लासचे हलके कवच वापरून 'मायर्स मँक्स' ही वाळूत धावणारी गाडी तयार केली. बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन मागे असल्याने वजन मागच्या, म्हणजे ढकलणाऱ्या चाकांवर पडे. वाळूत पकड मिळायला हेच हवे होते. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील पहिली मोठी शर्यत मँक्सनेच जिंकली आणि अशा गाड्यांची लाट आली.

जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची दूरनियंत्रित प्रतिकृती काढली. ती सपाट जमिनीवर धावणारी होती. १९७९ साली तिने 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या दोन बग्ग्या बाजारात आणल्या. दुसरी तर बाहाच्या बीटलचीच प्रतिकृती होती. पुढच्या चाकांची मागे झुकलेली टांगणी खऱ्या बीटलसारखी, बरेच भाग ओतीव धातूचे. दिसायला देखणी आणि मजबूत, पण जड. आदर्श होता खऱ्या गाडीशी साम्य, आणि ते साधले होते. मात्र वर पाहिलेले वर्गमूळ साम्याला दाद देत नाही.

हे ओळखून १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड इलेक्ट्रिक्सने 'आरसी १०' ही बग्गी आणली. ती कोणत्याही खऱ्या गाडीची प्रतिकृती नव्हती. सोनेरी रंगाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे तबकासारखे अंग, चारही चाकांना स्वतंत्र टांगणी आणि गाडीच्या मानाने लांबलचक, तेलाने भरलेले धक्काशोषक. खऱ्या मोटारीची स्प्रिंग सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावते. छोट्या गाडीला त्याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे तीन ते पाच हेलकावे लागतात, आणि ते झटपट शमायलाही हवेत. येथे प्रतिकृती संपली आणि यंत्र सुरू झाले.

दुसरी सुधारणा इंग्लंडमधून आली. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत वीस सेंटिमीटर अंतर असलेली बग्गी एक मीटर त्रिज्येचे वळण घेते तेव्हा आतले चाक ०.९ मीटर आणि बाहेरचे १.१ मीटर त्रिज्येवर फिरते. म्हणजे बाहेरचे सुमारे २२ टक्के जास्त धावते. हा फरक सामावून घेणारी दातेरी चाकांची डिफरन्शियल ही रचना फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर याने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी सुचवली होती. तिची एक अडचण अशी, की एक चाक हवेत उचलले गेले की सगळी फिरकी त्याच्याकडेच जाते. रेसिंग इंजिनांच्या कॉसवर्थ कंपनीत काम केलेल्या सेसिल शूमाकर यांनी १९८० च्या सुमारास छोट्या गाड्यांसाठी दात्यांऐवजी पोलादी गोळ्या वापरल्या. मधल्या चाकाच्या भोकांत गोळ्या बसवलेल्या, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कड्या, आणि एका स्क्रूने कमीजास्त करता येणारा दाब. स्क्रू पिळला की फरक होऊ देण्याचे प्रमाण बदलते. आता गाडी मार्गाप्रमाणे 'लावता' येऊ लागली.

लावणे म्हणजे काय? बग्गी उडीनंतर उसळत असेल तर धक्काशोषकात अधिक दाट तेल घालतात. दट्ट्याची भोके तीच राहिली तरी तेलाचा विरोध वाढतो. येथे सिलिकोन तेल वापरतात, कारण तापमानाने त्याचा दाटपणा खनिज तेलापेक्षा कमी बदलतो. वळणावर मागची बाजू घसरत असेल तर मागची स्प्रिंग थोडी मऊ करून पाहतात. परंतु मुरलेले खेळाडू एक नियम पाळतात : एका वेळी एकच बदल, मग तोच मार्ग, तेवढीच फेरी, आणि वहीत नोंद. स्प्रिंग, तेल आणि टायर एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळायला मार्ग उरत नाही. ही वही आणि प्रयोगवही यांत फरक तो कोणता?

निगराणीतही हीच शिस्त लागते. शर्यतीनंतर कोरड्या ब्रशने धूळ काढतात. ओले फडके धुळीला बेअरिंगमध्ये ढकलते. प्रत्येक चाक बोटाने फिरवून ते किती वेळ फिरते ते पाहतात. एखादे लवकर थांबले तर त्याचे बेअरिंग तपासतात. कंपनांनी सैल झालेले स्क्रू आवळतात. धक्काशोषक दाबल्यावर खुळखुळ आवाज आला तर तेलात हवा शिरली आहे. गोळ्यांची डिफरन्शियल खरखरीत लागली तर ती उघडून कड्या पाहतात. त्यांवर चर पडले असतील तर स्क्रू पिळून उपयोग नसतो. पूर्वीच्या निकेल-कॅडमिअमच्या सहा घटांची, ७.२ व्होल्टची बॅटरी बरीच हयगय सोसत असे. आजच्या दोन घटांच्या, ७.४ व्होल्टच्या लिथिअम-पॉलिमर बॅटरीचा कोणताही घट तीन व्होल्टखाली जाऊ देत नाहीत, आणि ती भारित होत असताना जवळून हलत नाहीत, कारण ती पेटू शकते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते.

या बग्ग्या प्रथमपासून सुट्या भागांच्या रूपात मिळत आल्या. घेणाऱ्याने त्या स्वतः जोडायच्या, मोडल्यावर तोच भाग बदलायचा. ज्याने डिफरन्शियल हाताने जोडली त्याला ती पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. याउलट चिकटवून बंद केलेले खेळणे बिघडले की फेकण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि मुलाच्या हाती ज्ञानही काही लागत नाही. आपल्या शाळांतील उपकरणे मोडतील म्हणून कपाटात बंद राहतात. मोडलेले उपकरण उघडणे हाच जर धडा मानला, तर कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्यायला आपण इतके भिणार नाही.

वर्गात बग्गी नसली तरी चालेल. दोन स्प्रिंगा, एक वजन, एक इंजेक्शनची नळी आणि वेगवेगळी तेले घ्या. नळीचा दट्ट्या दाबायला कोणत्या तेलात किती वेळ लागतो ते मुलांना मोजू द्या. मात्र त्यांना एवढे अवश्य सांगा : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.