कुरुंदापासून कंपाऊंडापर्यंत



कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोंकाला, एका अंगास बेळगांव आणि दुसऱ्या अंगास सावंतवाडीचा मुलूख अशा कोंदणांत चंदगड तालुका बसला आहे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तोंपर्यंत तो बेळगांव जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं जिल्ह्याचा बाकीचा भाग म्हैसूर राज्यांत गेला. चंदगड तेवढा मुंबई राज्यांत राहिला आणि कोल्हापुरास जोडला गेला. पारगड, कलानिधिगड, गंधर्वगड, महिपाळगड हे किल्ले या एकाच तालुक्यांत असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष सहजच त्यांच्याकडे वळतें. मला मात्र आज या मुलखांतल्या मातीविषयीं बोलावयाचें आहे, आणि तेंही मोटारीच्या रंगाच्या निमित्तानें. मोटारीला चकाकी आणण्याच्या धंद्यालाही इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ मोटारींचा रंग दर वर्षीं थोडाथोडा नाहींसा होत आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा काळा पाषाण लक्षावधि वर्षें पावसांत भिजला आणि उन्हांत तापला. त्यांतली सिलिका हळूहळू धुवून गेली. लोखंडाचीं व ॲल्युमिनियमचीं ऑक्साइडें तेवढीं मागें राहिलीं. त्यांत लोखंडाचा अंश फार तो आपला नेहमींचा तांबडा जांभा. ॲल्युमिनियमचा अंश फार तें बॉक्साइट. चंदगडच्या उंच सड्यांवर दोन्ही सांपडतात. पावसाळा सरला कीं इथल्या वाटांवरून तांबडी धूळ उठते, आणि या तालुक्यांतून तिलारीच्या घाटानें गोव्याकडे उतरणारी मोटार खालीं पोंचेपर्यंत तिच्यावर या धुळीचा पातळ थर बसलेला असतो. मालक मोठ्या मायेनें कोरडें फडकें घेऊन तो पुसून टाकतो. या धुळींतले लोहाचे कण मोटारीच्या रंगाहून पुष्कळ कठीण असतात. फडक्याखालीं सांपडल्यावर ते आपलें काम बिनबोभाट करतात.

दुसऱ्या दिवशीं उन्हांत पाहावें तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. गंमत अशी कीं हे ओरखडे मुळीं वर्तुळाकार नसतातच. ते सर्व दिशांनीं वेडेवांकडे पसरलेले असतात. परंतु त्यांपैकीं जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकून आपल्या डोळ्यांस दिसतात, आणि ते सारे मिळून दिव्याभोंवतीं कडें केल्याचा भास होतो. डोकें दोन हात बाजूला नेलें तर तें जाळेंही तितकेंच सरकतें.

हे ओरखडे काढणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. कुरुंद हा शब्द मराठींत जुना आहे. संस्कृतांत त्याला कुरुविंद म्हणत, तमिळांत कुरुंदम्. कठीणपणाच्या मापांत हिऱ्याला दहा मानलें तर कुरुंदाला नऊ. दक्षिण हिंदुस्थानांतून हा दगड विलायतेस गेला तेव्हां आपलें नांवही बरोबर घेऊन गेला. चार्ल्स ग्रेव्हिल यानें १७९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या आशियाई दगडावर निबंध मांडला; इंग्रजींतला कोरंडम हा शब्द आपल्याच दक्षिणेचा आहे. आपल्याकडे रत्नांना पैलू पाडणारे आणि हत्यारांना धार लावणारे कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेंत कालवून तिचीं चाकें ओतीत असत. जाड पुडीचें चाक धार काढावयास, बारीक पुडीचें ओप द्यावयास. हत्यारांना पाणी आणि झळाळी देणाऱ्या कारागिराला आपण शिकलगार म्हणतों. तो शब्द अरबी सैकल, म्हणजे उजळणें, यावरून आला. पूड कोणती, ती कशावर लावावयाची आणि हात किती दाबावयाचा, या तीन गोष्टींत त्याचें सारें शास्त्र सांठवलेलें होतें. आजच्या मोटार उजळणाऱ्या कारागिराच्या शास्त्रांतही चौथी गोष्ट फारशी आलेली नाहीं.

मात्र चकाकी आणण्याच्या आपल्याकडच्या साऱ्या रीती एका जातीच्या नव्हत्या. सोनार ओपणीनें दागिना घोटतो. जुन्नर-दौलताबादकडचा हातकागद गुळगुळीत दगडानें घोटून पोथीस योग्य केला जाई. इथें जिन्नस झिजत नाहीं, त्याचा पृष्ठभाग दाबानें सपाट होतो. लाखेच्या कातकामांत फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेकवितात, ती घर्षणाच्या उष्णतेनें पसरते, आणि शेवटीं केवड्याच्या पानानें तिला तकाकी आणतात. इथें तर जिन्नसावर भरच पडते. शिकलगाराची रीत या दोहोंहून निराळी. तो उजळतो तेव्हां लोखंड खरोखरच कमी होतें. ओरखडा बुजविला जात नाहीं. ओरखड्याच्या तळापर्यंत भोंवतालचा भागच खालीं आणला जातो. मोटारीचा रंग दुरुस्त करणें हें शिकलगारी जातीचें काम आहे, आणि लोक तें घोटण्याच्या जातीचें समजतात. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

खंडेनवमीला शस्त्रें उजळून पूजेस मांडण्याची चाल आपल्याकडे आहे. शस्त्रांचे दिवस गेले तशी त्यांची जागा यंत्रांनीं आणि वाहनांनीं घेतली. कोल्हापुरांत तर छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकींत निघत आली आहे. गांवोगांवीं दसऱ्याच्या आधीं मोटारींना रबिंग करून घेण्याची रीत पडली ती या जुन्या चालीची सोयरी आहे असें मला वाटतें. तलवारीचें पातें चांगलें जाड असतें. वर्षांतून एकदां उजळल्यानें पिढ्यान्‌पिढ्या त्याचें कांहीं बिघडत नाहीं. मोटारीच्या पहिल्या जमान्यांत रंगाचीही स्थिति जवळजवळ तशीच होती.

अगदीं आरंभींच्या मोटारी घोड्याच्या बग्ग्यांप्रमाणें तेलाच्या व्हार्निशनें रंगवीत. थरावर थर द्यावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, प्यूमिस दगडाच्या पुडीनें घासावयाचा, पुन्हां थर द्यावयाचा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेच्या द्यूपाँ कंपनीनें ड्यूको नांवाचा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर बाजारांत आणला, आणि पुढच्याच वर्षाच्या ओकलंड मोटारी त्यानें रंगविल्या गेल्या. आठवड्यांचें काम तासांवर आलें. (लॅकर हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला आहे, हें जातां जातां सांगतों.) हा रंग वाळे लवकर, पण फवारल्यावर मंद दिसे; कंपाऊंडानें घासल्यावांचून त्याला चमक येत नसे. त्यामुळें रंगारी आधींच हात सैल सोडून अनेक थर देई. घासण्यासाठीं म्हणून जादा रंग चढवी. शिवाय नवा थर जुन्या थराला विरघळवून त्याच्याशीं एकजीव होई, तेव्हां झीज भरून काढणेंही सोपें होतें. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडीं ड्यूको हा शब्द इतका रुळला कीं कंपनीचें नांव विसरून तो फवाऱ्याच्या रंगाचेंच सामान्य नाम होऊन बसला. लोंकरीचा बफ, डब्यांतलें जाड तांबूस कंपाऊंड आणि मनगटाचा जोर ही आपल्या गॅरेजांची रीत त्या रंगाच्या काळीं घडली. आणि त्या रंगाला ती शोभतही होती.

पुढें रंग बदलला. १९८० नंतरच्या काळांत खालीं रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक लॅकरचा थर ही पद्धत जगभर रूढ झाली. हा वरचा थर रासायनिक क्रियेनें घट्ट होतो. एकदां बसला कीं त्याला विरघळवून नवा थर त्यांत मिसळतां येत नाहीं. त्याची जाडी साधारणपणें पस्तीस ते पन्नास मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केंस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो; तेव्हां आपल्या मोटारीचें सारें तेज केंसाहूनही पातळ अशा पापुद्र्यांत आहे. सूर्याचे अतिनील किरण अडविणारीं द्रव्येंही याच थरांत असतात. जाड कंपाऊंडानें एक वेळ घासलें तर त्यांतले तीनचार मायक्रॉन सहज जातात. दर दसऱ्याला हा संस्कार केला तर किती दसरे निभतील, याचा हिशेब घरांतलें शाळकरी मूलही करील; आणि थर पुरता संपण्याच्या कितीतरी आधींच त्याचें संरक्षण लंगडें होऊन तो उन्हानें पांढरट पडूं लागतो, सोलूं लागतो. मग तो सारा पत्राच नव्यानें रंगवावा लागतो. रंग बदलला, रीत मात्र ड्यूकोच्या काळांतलीच राहिली.

आतां पुन्हां चंदगडच्या सड्यांकडे वळूं. बॉक्साइट हें नांव फ्रान्समधल्या ले बो या गांवावरून आलें. १८२१ सालीं बर्त्ये या शास्त्रज्ञाला तें तिथें सांपडलें. १८८८ च्या सुमारास कार्ल बायर यानें दाहक सोड्याच्या साह्यानें त्यांतून शुद्ध ॲल्युमिना वेगळें करण्याची कृति बसविली. सड्यावर तें जसें मिळतें तसें कांहीं कठीण नसतें. पाणी धरून असलेलें तें मऊच असतें. पण तेंच हजार अंशांहून अधिक तापविलें कीं पाणी निघून जातें, कणांची घडण बदलते आणि कुरुंदाच्याच जातीचा पदार्थ हातीं येतो. जें निसर्गानें भूगर्भांत केलें तें भट्टी कांहीं तासांत करते. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरांतलें बॉक्साइट ज्या बेळगांवच्या कारखान्याकडे गेलें, तो पूर्वीं इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा होता आणि आतां हिंडाल्कोचा आहे. तिथें आज विशेष प्रकारचें ॲल्युमिना तयार होतें, आणि उजळण्याच्या पुडी हा त्याच्या उपयोगांपैकीं एक आहे. लोखंडाच्या ऑक्साइडाचीही हीच कथा. आपल्या गेरूचा शुद्ध आणि बारीक भाऊबंद जो रूज, त्यानें भिंगें आणि दागिने उजळीत आले आहेत. म्हणजे ओरखडे पाडणारी धूळ आणि ते काढणारी पूड एकाच कुळांतल्या. धुळींतला प्रत्येक कण निराळ्या आकाराचा. पुडींतले सारे कण चाळून एका मापाचे केलेले. भेद एवढाच, पण सारें कांहीं त्यावर अवलंबून आहे.

कंपाऊंडाच्या डब्यावर लिहिलेलें वाचून निवड करणारे पुष्कळ. पॅडचा विचार करणारे थोडे. वस्तुतः एकच कंपाऊंड लोंकरीच्या पॅडवर घेतलें तर कापतें आणि मऊ फोमवर घेतलें तर नुसतें उजळतें. लोंकरीचे तंतु प्रत्येक कणाला पृष्ठभागावर रेटतात, म्हणून तें भराभर खातें; पण मागें स्वतःच्या धूसर रेषा ठेवतें, आणि त्या मग बारीक पॉलिशनें काढाव्या लागतात. (लोंकर म्हणजे मऊ कोंकराची, आपल्या धनगरी घोंगड्याची राठ लोंकर या कामाची नव्हे.) फोमचीं पॅडें पॉलियुरेथेनचीं असतात. टणक आणि मोठ्या छिद्रांचा फोम कापावयास, मऊ फोम शेवटचा हात फिरवावयास. रंगावरून मात्र पॅड ओळखूं नये. एका कंपनीचें नारिंगी पॅड टणक तर दुसरीचें मध्यम, यांत एकवाक्यता नाहीं. मायक्रोफायबरचें पॅड लोंकर आणि फोम यांच्या मधलें. तें चांगलें कापतें, पण लवकर भरतें व तापतें. कंपाऊंडांतही दोन जाती आहेत. एकींतले कण घासतांना फुटून बारीक होत जातात, म्हणून तें अर्धवट सोडूं नये. दुसरींतले आरंभापासूनच इतके बारीक व सारखे असतात कीं केव्हांही थांबतां येतें.

मग निवडावें कसें? जुना रंगारी जाड्यापासून बारकाकडे जाई. आतां उलट जावयास हवें. मोटार आधीं भरपूर पाण्यानें धुवावी. मग बॉनेटवरची वीतभर जागा घ्यावी, सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश लावून पाहावें. ओरखडे गेले तर तेवढ्यावर काम भागलें. न गेले तर पॉलिश तेंच ठेवून पॅड थोडें टणक घ्यावें. त्यानेंही न भागलें तर मगच कंपाऊंडाच्या डब्याला हात लावावा. निरनिराळ्या कारखान्यांचे रंग कमीजास्त कठीण असतात, म्हणून शेजाऱ्याच्या मोटारीचा अनुभव आपल्या मोटारीला लागू पडेलच असें नाहीं. कडा आणि पत्र्याच्या उंच घड्या यांवर रंग आधींच पातळ असतो. तिथें पॅड टेकवूं नये, चिकटपट्टी लावून त्या झांकून घ्याव्यात. नखाला लागणारा खोल ओरखडा पुरता काढण्याच्या नादीं लागूं नये. पॅडवर मोटारीचाच रंग उतरूं लागला, तर एक तर ती जुन्या एकेरी रंगाची गाडी आहे, नाहीं तर वरचा पापुद्रा संपला आहे. दोन्ही प्रसंगीं यंत्र आधीं थांबवावें.

बाजारांतलीं कांहीं पॉलिशें तेलानें आणि मेणानें ओरखडे केवळ बुजवितात. दोनचार वेळां गाडी धुतली कीं ते जसेच्या तसे उघडे पडतात. जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. पाण्यांत मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एका कोपऱ्यावर फिरविला तर खरें रूप तिथल्या तिथें कळतें. बुजविणें हें कांहीं पाप नव्हे. उरलेला थर राखण्यासाठीं तेंच शहाणपणाचें असूं शकतें, फक्त तें बुजविणें आहे असें गिऱ्हाइकाला सांगावें आणि पैसेही त्याच मानानें घ्यावेत.

पॅडची निगा हा सर्वांत कंटाळवाणा भाग, म्हणून तो बहुधा टाळला जातो. भरलेलें पॅड कापत नाहीं, नुसतें तापतें. दर पत्र्यामागें तें ब्रशानें झाडावें, आणि एका कंपाऊंडाचें पॅड दुसऱ्यास वापरूं नये. तें हातांतून निसटून जमिनीवर पडलें तर धुवून वाळविल्याखेरीज पुन्हां यंत्राला लावूं नये. त्यांत शिरलेला तांबड्या मातीचा एकच कण, मिनिटाला हजारों फेऱ्या घेत, सकाळपासून केलेलें सारें काम पुन्हां आरंभापाशीं आणून ठेवतो.